‘स्मृतिचित्रे’तले अपयश : रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई आणि कृपेचा प्रश्न

मराठी वाचकाला नारायण वामन टिळक सहसा दोन ठिकाणी भेटतात. एक म्हणजे शाळेचे पाठ्यपुस्तक. तिथे ते फुलामुलांचे कवी असतात, सौम्य आणि हळवे. दुसरे ठिकाण चर्चची उपासना. तिथे त्यांची भजने टाळ-पेटीवर गायली जातात आणि ते मराठी ख्रिस्ती समाजाचे संतकवी असतात. दोन्ही चित्रे खरी आहेत, पण दोन्हींत अपयशाला जागा नाही. तिसरे टिळक लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त भेटतात. हे टिळक तापट आहेत, न सांगता घरातून निघून जातात, खिशातले सगळे कुणाला तरी देऊन रिकाम्या हाताने परततात आणि आपल्या ध्येयाची किंमत घरच्यांना मोजायला लावतात. या पुस्तकावर आजवर जे लिहिले गेले, त्यात लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची घरगुती बोली आणि धीटपणा यांचे कौतुक भरपूर आहे. मला इथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ख्रिस्ती समाजाच्या एका मोठ्या पुढाऱ्याचे अपयश हे पुस्तक कसे सांगते, आणि त्या अपयशानंतरच्या कृपेविषयी त्यातून काय हाती लागते?

प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. धर्मसंस्थेतला माणूस चुकतो तेव्हा संस्थेपुढे सहसा दोन सोप्या वाटा असतात : झाकून टाकणे किंवा हाकून देणे. झाकणारे ‘कृपा’, ‘क्षमा’ हे शब्द हाताशी ठेवतात. हाकणारे ‘शिस्त’ हा शब्द. चर्चमध्ये हे घडते, मठात घडते, शिक्षणसंस्थांत आणि चळवळींतही घडते. ज्याला इजा झाली त्याच्याकडून घाईघाईने क्षमा वसूल करून पुढाऱ्याला पुन्हा गादीवर बसवण्याचा प्रकार तर आपल्या इतका ओळखीचा आहे की त्याचे कुणाला नवल वाटत नाही. ‘स्मृतिचित्रे’ या दोन्ही वाटांनी जात नाही, म्हणून ते पुन्हा वाचायला हवे.

आधी ‘अपयश’ शब्दाचा गोंधळ दूर करू. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९मध्ये मुंबईत निघाले आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात आले. १८९३मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो असा गहजब झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याच्या दृष्टीने रमाबाईंचे नेतृत्व तिथे कोसळले. तीन-चार वर्षांनी दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण ते अपयश लोकांचा पाठिंबा गेल्याचे होते. त्यात रमाबाईंना आपल्याच माणसाच्या डोळ्यांना डोळा देणे जड जावे असे काही नव्हते. टिळकांचे अपयश निराळ्या जातीचे आहे. ते घरातले आहे, जवळच्या माणसाला झालेल्या इजेचे आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब जास्त अवघड आहे.

टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. पुढची पंधरा वर्षे हा संसार गावोगाव हिंडत राहिला. टिळक नोकरी धरीत, सोडीत. कीर्तने करीत, कविता करीत. मध्येच नाहीसे होत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यानंतरच्या शोधाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाला. हा निर्णय त्यांनी बायकोला विश्वासात न घेता अमलात आणला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. एका ब्राह्मण घरातल्या स्त्रीसाठी त्या दिवसाचा अर्थ काय होता हे आज नीट कळणे कठीण आहे. नवरा जिवंत, पण संसार संपलेला. ती विधवाही नव्हती आणि सवाष्ण म्हणून मिरवण्याची सोयही उरली नव्हती.

इथे एक तुलना उपयोगी पडते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८चे. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान मोठे आहे. त्या पुस्तकाचा सगळा ओढा १८५४मधल्या बाप्तिस्म्याकडे नेणाऱ्या वाटेवर आहे. नावच सांगते की आधी रात्र आणि मग पहाट. धर्मांतराच्या बहुतेक कथनांची घडण अशीच असते, मग ती ऑगस्टीनची असोत की आपल्याकडची. चुका, मोह, अज्ञान हे सगळे बाप्तिस्म्याच्या अलीकडे. पलीकडे झगडा असला तरी दिशा ठरलेली. त्यामुळे धर्मांतरानंतर, दीक्षेनंतर, लोक ‘रेव्हरंड’ म्हणू लागल्यानंतर जो माणूस चुकतो त्याच्यासाठी या साच्यात खणच नाही. त्याची पहाट होऊन गेलेली असते.

‘स्मृतिचित्रे’चा साचा हा नाही. तिथे १८९५चा बाप्तिस्मा मध्यावर येतो आणि टिळकांचा स्वभाव बाप्तिस्म्याच्या दोन्ही काठांवर तसाच वाहतो. आधीचा तिरसट, उधळ्या, लहरी माणूस नंतरही तिरसट, उधळ्या, लहरीच आहे. मात्र त्याच माणसात आता एक नवा धीर दिसू लागतो, आणि तोही आधी बायकोच्या बाबतीत. टिळकांनी तिला ओढून आणले नाही. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर ती नगर जिल्ह्यात त्यांच्याजवळ राहायला आली, तेव्हा तिचे सोवळे, तिचा वेगळा स्वयंपाक, तिचे देव यांना त्यांनी हात लावला नाही. ज्याने एके काळी एवढा मोठा निर्णय तिला वगळून घेतला, त्याने या वेळी तिच्या निर्णयाची वाट पाहिली. लक्ष्मीबाई हे कुठे अधोरेखित करीत नाहीत. त्यांच्या कथनात ते चुलीच्या आणि पाण्याच्या गोष्टींतून येते. मला मात्र हा पुस्तकातला पहिला पश्चात्ताप वाटतो. तो बोलून दाखवलेला नाही, सवय बदलून दाखवलेला आहे.

लक्ष्मीबाईंचा बदलही नवऱ्याच्या उपदेशाने झाला नाही. त्यांनी आधी जात सोडली आणि मग श्रद्धा आली, हा क्रम महत्त्वाचा. ज्या वडिलांच्या घरात मीठसुद्धा धुऊन घेत, त्या घरातली मुलगी एके दिवशी माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही अशा निष्कर्षाला स्वतःच्या बुद्धीने येते. १९००मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या गोष्टीने त्यांचा संसार मोडला ती त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन स्वीकारली. नवऱ्याने आधी जे केले ते यामुळे बरोबर ठरत नाही, आणि पुस्तकही तसे ठरवीत नाही. या जागी अनेक भाविक वाचक घसरतात. शेवट गोड झाला म्हणून सुरुवातीचा अन्याय हा देवाचा बेतच होता असे ते म्हणून टाकतात. लक्ष्मीबाईंनी त्या पाच वर्षांची पाने गाळली नाहीत किंवा पुसट केली नाहीत. दुःखाचा तपशील जिथल्या तिथे ठेवला.

आता त्यांच्या विनोदाकडे येऊ. हा या पुस्तकाचा सर्वांत वाखाणलेला आणि सर्वांत कमी तपासलेला गुण आहे. टिळकांचा विसराळूपणा, पैशाच्या बाबतीतला भोळसटपणा, कुणालाही घरी आणून ठेवण्याची खोड हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. एक आक्षेप रास्त आहे : या हसण्याने इजा झाकली जात नाही काय? नवऱ्याच्या रागाचा प्रसंग विनोदी होऊन वाचकापर्यंत आला की वाचकही हसून मोकळा होतो. स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा विचार करताना हा आक्षेप बाजूला सारता येत नाही, आणि काही प्रकरणांत तो मला पटतोही. पण समग्र पुस्तक वाचल्यावर ध्यानात येते की लक्ष्मीबाई स्वतःलाही तेवढ्याच हसतात, आणि जिथे इजा खोल आहे तिथे हसणे थांबवतात. हसण्याची आणि थांबण्याची जागा कथन करणारी बाई ठरवते. टिळकांना ती मोकळीक नाही. आयुष्यभर जो बोलत होता, व्याख्याने देत होता, उपदेश करीत होता, तो या पुस्तकात पात्र आहे; आणि जिला शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हते, ती निवेदक आहे. नेतृत्वाच्या अपयशाचा हिशेब कोणी लिहायचा, या प्रश्नाचे उत्तर या उलटापालटीत आहे. संस्थेने लिहिला तर तो अहवाल होतो, पुढाऱ्याने स्वतः लिहिला तर बहुधा समर्थन होते.

त्यांनी नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा केला, हेही इथेच नोंदवतो. ‘हे’, ‘तिकडची स्वारी’ यांच्या जमान्यात नुसत्या आडनावाने नवऱ्याला हाक मारणारे हे गद्य. त्यात सलगी आहे आणि अंतरही. ज्याच्याविषयी न्याय करायचा आहे त्याच्यापासून जेवढे दूर उभे राहावे लागते तेवढे ते अंतर आहे.

टिळकांचे दुसरे अपयश सार्वजनिक होते. दीक्षा घेऊन ते रेव्हरंड झाले, नगरच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवू लागले, १९१२पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. घरात अनाथ मुले वाढत होती. बालकवी ठोंबरे त्या घरचेच होऊन राहिले होते. बाहेरून पाहता हे यशाचे शिखर. आतून टिळकांना मिशनचा पगार टोचत होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३मध्ये सुरू झाले होते. शंभर वर्षे होऊन गेली तरी देशी ख्रिस्ती माणूस पगारी आश्रितच राहिला, ख्रिस्त साहेबी पोशाखातच राहिला, ही त्यांची खंत होती. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचे ठरवले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. कल्पना धाडसी होती, आजही आहे. पण बेत आखणाऱ्याचा स्वभाव आणि बेत चालवणाऱ्याचा स्वभाव एकाच माणसात क्वचितच असतो. टिळकांत दुसरा नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नव्हती, आणि त्यांच्यामागे तो टिकला नाही.

संन्यासी झालेल्या माणसाचा संसार हा विषय लक्ष्मीबाईंनीच लिहावा. घरधनी वैराग्य घेतो तेव्हा मीठ-मिरचीचा प्रश्न वैराग्य घेत नाही. टिळकांचा त्याग खरा होता यात शंका नाही, पण त्या त्यागात घरच्यांचा वाटा त्यांनी गृहीत धरला होता, १८९५मध्ये धरला होता तसाच. बावीस वर्षांनी तीच चूक थोड्या उजळ वेषात परत आली. म्हणून मला पुस्तकातला हा भाग बाप्तिस्म्याच्या प्रकरणांपेक्षाही कठीण वाटतो. पश्चात्ताप झालेला माणूसही तीच ठेच पुन्हा खातो.

मग कृपा कुठे आहे? नव्या करारात पेत्राची गोष्ट आहे. कोंबडा आरवण्याआधी त्याने तीनदा आपल्या गुरूला नाकारले, तेही अंगणातल्या शेकोटीपाशी. पुढे सरोवराच्या काठी, पुन्हा एका कोळशाच्या विस्तवापाशी, त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला जातो आणि दर उत्तरामागून मेंढरे सांभाळायचे काम सोपवले जाते. या कथेवरून पडलेल्या पुढाऱ्याला गादी परत मिळते असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. कथेत गादी नाही. काम आहे, आणि म्हातारपणी दुसरा कुणीतरी तुला नको तिकडे नेईल असे भाकीत आहे.

वारकऱ्यांच्या रीतीत हेच जास्त साधेपणाने दिसते. तिकोण्याच्या पायथ्याला, आमच्या पेठेत आणि पवनेच्या खोऱ्यातल्या गावांत माळकऱ्यांची घरे पुष्कळ. माळ घातलेल्या माणसाच्या हातून पथ्य मोडले तर माळ उतरते. काही काळाने तो पुन्हा घालूही शकतो. त्याला पंगतीतून कुणी उठवत नाही. विणा मात्र लगेच त्याच्या गळ्यात येत नाही. पंगत आणि विणा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे गावाला न सांगता कळते. चर्चमधल्या चर्चांमध्ये ‘पुनःस्थापना’ या शब्दाने बऱ्याचदा हे दोन्ही एकत्र बांधले जाते आणि मग भांडण विण्यावरून होते.

वारकऱ्यांचा दाखला मी सोयीसाठी आणलेला नाही. टिळक स्वतःच तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानीत, आणि त्यांची भजने अभंगाच्या घाटाची आहेत. इंद्रायणी आमच्याच मावळात, लोणावळ्याच्या बाजूला उगम पावते आणि देहूला जाते. तिथे गाथा बुडाली आणि तेरा दिवसांनी वर आली असे परंपरा सांगते. कुणी त्यात चमत्कार पाहतो, कुणी लोकांच्या मुखी उरलेले अभंग. दुसरा अर्थ मला टिळकांच्या गोष्टीजवळचा वाटतो : कर्त्याच्या हातून गेलेले इतरांच्या हातून परत येते.

कारण टिळकांचे तसेच झाले. दरबार गेला, पण त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. टिळकांच्या चरित्राचे साल १९२३ आणि संघाची स्थापना त्याच सुमाराची. चरित्रकाराने चरित्रनायकाचा मोडलेला बेत आपल्या पद्धतीने पुन्हा मांडून पाहिला, असे म्हणायला जागा आहे. पुण्यात शिवाजीनगरला या संघाचा आश्रम झाला. व्हेरिअर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच संघात. टिळकांना साताऱ्यात जे बसवता आले नाही, त्यातले काही शिवाजीनगरात बसले. मात्र तिथल्या शिस्तीत टिळकांची लहर नव्हती, आणि दरबारातला तो मोकळा दरवाजाही तेवढा मोकळा राहिला नाही. हे नमूद करायला हवे.

दुसरी गोष्ट ‘ख्रिस्तायना’ची. येशूचे चरित्र ओवीत गाण्याचा टिळकांचा मोठा संकल्प होता. सुरुवातीचे दहाएक अध्याय लिहून झाले आणि ते गेले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिने उशिरा अक्षरओळख वाढवली, जिच्या शुद्धलेखनाला सुशिक्षित हसत, तिने विद्वान नवऱ्याचे महाकाव्य पुरे करायला घेतले. समीक्षकांनी या काव्याची दखल फारशी घेतली नाही. काव्य म्हणून ते सगळीकडे सारखे उतरलेले नाही, हे मान्य आहे. टिळकांच्या ओवीला संस्कृताचे वळण, लक्ष्मीबाईंच्या ओवीला जात्यावरचे. पण हा जोड लपवलेला नाही. एका हाताचे काम कुठे संपले आणि दुसऱ्याचे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला कळते. अपयशानंतरच्या आशेचे रूप विचाराल तर मी या जोडाकडे बोट दाखवीन. इथे टिळक परत येत नाहीत, त्यांची चूक मागे घेतली जात नाही, जिचे नुकसान झाले तिच्यावर क्षमेची सक्तीही होत नाही. तिने काम हाती घेतले ते तिच्या खुशीने, आणि आपल्या भाषेत.

याच खुशीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. लक्ष्मीबाईंचे उदाहरण दाखवून दुसऱ्या कुणा पीडित बाईला ‘तूही असेच कर’ असे सांगणे म्हणजे या पुस्तकाचा गैरवापर आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा आदर्श पत्नीचा कित्ता नाही. लक्ष्मीबाई टिळकांना सोडून राहू शकत होत्या आणि पाच वर्षे राहिल्या. परतल्या तेव्हा आपल्या अटींवर परतल्या. पाळकांच्या शिबिरांतून हे पुस्तक वाचले जावे असे मला वाटते, पण त्यातली उताऱ्याची पाने विनोदाची निवडू नयेत, ताटातुटीची निवडावीत.

‘स्मृतिचित्रे’चा उगमही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. चरित्राच्या नायकासाठी मागितलेली सामग्री आईच्या हातून स्वतंत्र पुस्तक झाली आणि नायक तिच्या कथनातले एक माणूस झाला. १९३४पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्तांनी पुरा केला. ‘ख्रिस्तायना’तही त्यांच्या आईने शेवटचा टप्पा मोकळा सोडला होता; तिथला अखेरचा अध्याय त्यांचाच आहे. ते काव्य १९३८मध्ये छापून निघाले, तीन हातांचे.